कारच्या सीटमधला कमरेचा आधार बंद पडलाय? अख्खी सीट बदलण्याआधी हे तपासा

दक्षिण सोलापूर तालुक्यातलं मंद्रूप हे गाव सोलापूर-विजयपूर महामार्गावर आहे. उत्तरेला सोलापूर शहर आणि दक्षिणेला टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक. कामासाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सोलापूर ते विजयपूर हे अंतर साधारण १०० किलोमीटर. जाऊन-येऊन २०० किलोमीटर एकाच सीटवर बसायचं, तर कमरेला आधार लागतोच.

समजा, इथल्याच कुणीतरी सात-आठ वर्षं वापरलेली मोठी गाडी सेकंड हँड घेतली. ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला एक छोटं बटण आहे. ते दाबलं की पाठीमागचा भाग कमरेपाशी फुगतो आणि बरं वाटतं. काही महिन्यांनी बटण दाबल्यावर नुसताच घुर्र आवाज येऊ लागला, पाठीला काहीच जाणवेना. जवळच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, 'हे कंपनीतच दाखवा.' शहरातल्या वर्कशॉपमध्ये गेल्यावर सीटच्या पाठीचा पूर्ण संच बदलावा लागेल, असं उत्तर मिळालं.

असा प्रसंग अनेकांवर येतो. मग एक तर मोठा खर्च होतो, नाहीतर 'राहू दे तसंच' म्हणून विषय सोडला जातो. काही जण स्वतःच सीटखाली हात घालतात आणि यातला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. कारण त्याच सीटमध्ये, त्याच वायरींच्या शेजारी, एअरबॅग असू शकते.

हा आधार नेमका कसा चालतो, तो का बिघडतो, घरी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं, ते समजून घेऊया.

लंबर सपोर्ट म्हणजे काय? तो का लागतो?

आपल्या कमरेच्या भागात पाच मणके असतात. उभं राहिल्यावर या भागाला आतल्या बाजूला एक नैसर्गिक वळण असतं. आपण बसतो तेव्हा कंबर मागे कलते आणि हे वळण सपाट होतं. मणक्यांच्या मधल्या गादीवर आणि आजूबाजूच्या स्नायूंवर त्याचा ताण येतो. सीट आणि पाठ यांच्यात कमरेपाशी जी पोकळी राहते, ती भरून काढणारा आधार म्हणजे लंबर सपोर्ट.

या विषयावरचं सुरुवातीचं बरंच संशोधन स्वीडनमध्ये झालं. आल्फ नाखेम्सन या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या गादीवर येणारा दाब प्रत्यक्ष मोजला होता. पुढे १९७४ मध्ये तिथल्याच संशोधकांनी कारच्या सीटवर मोजमाप केलं. सीटची पाठ थोडी मागे कलवली आणि कमरेला आधार दिला, तर हा दाब कमी होतो, असं त्यात दिसलं.

याचा अर्थ लंबर सपोर्ट हा पाठदुखीवरचा इलाज आहे, असा नाही. पण रोज लांबचं अंतर कापणाऱ्यांसाठी ती निव्वळ चैनही नाही.

सीटच्या आत नेमकं काय असतं?

बटणाने चालणारा लंबर सपोर्ट मुख्यतः दोन प्रकारचा असतो. आपल्या गाडीत कोणता आहे, हे कळलं की अर्धं काम होतं.

पहिला प्रकार हवेचा. यात सीटच्या पाठीत एक किंवा जास्त हवेच्या पिशव्या असतात. एक छोटा पंप त्यात हवा भरतो आणि व्हॉल्व्ह ती हवा धरून ठेवतो किंवा सोडतो. पंप, व्हॉल्व्ह आणि पिशव्या बारीक नळ्यांनी जोडलेल्या असतात. हवेवर चालणारा मसाज असलेल्या सीटमध्ये अनेकदा हाच पंप दोन्ही कामं करतो.

दुसरा प्रकार मोटरचा. यात हवा नसते. छोटी मोटर गिअर फिरवते, गिअर एक केबल ओढतो आणि त्या ओढीने सीटच्या पाठीतली लवचिक जाळी किंवा पट्टी पुढे वाकते. सायकलच्या ब्रेकची केबल जशी ओढली जाते, तसाच हा प्रकार.

ओळखायचं कसं? बटण दाबल्यावर पंपाची घरघर आणि आधार कमी करताना हवा सुटल्याचा 'फुस्स' आवाज आला, तर तो हवेचा प्रकार. आधार वाढवताना आणि कमी करताना दोन्ही वेळा मोटरचा सारखाच आवाज आला, तर बहुधा केबलचा प्रकार.

बटण फक्त पुढे-मागे चालत असेल तर आधार कमी-जास्त करता येतो. चारही दिशांना चालत असेल तर तो वर-खालीही सरकवता येतो.

आवाज ऐका, निम्मं निदान तिथेच होतं

गाडी सुरू करा, काचा बंद करा, गाणी आणि एसी बंद करा. बटण दाबून नीट ऐका. या वेळी कुठलाही पार्ट उघडायचा नाही.

• काहीच आवाज येत नाही: वीज पोहोचत नसावी. फ्यूज, कपलर, बटण किंवा वायरिंगवर पहिला संशय. मोटर किंवा पंप जळल्याची शक्यता त्यानंतरची.

• पंप चालतो, पण पाठ फुगत नाही: नळी निघाली असेल, चिरली असेल किंवा व्हॉल्व्ह अडकला असेल. पंप चालतो आहे, म्हणजे निदान त्याच्यापर्यंत वीज येते आहे.

• पाठ फुगते, पण थोड्या वेळाने किंवा रात्रीतून आधार उतरतो: हवेची बारीक गळती. पिशवी, नळीचा जोड किंवा व्हॉल्व्ह तपासायला हवा.

• पंप थांबतच नाही किंवा थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो: गळतीमुळे हवेचा दाब पूर्ण होत नाही आणि पंप पळत राहतो. अशा वेळी बटण दाबत राहू नका. लहान गळतीमुळे पंपही जळू शकतो आणि खर्च वाढतो.

• मोटर फिरते, पण आधार हलत नाही: केबल निसटली किंवा तुटली असेल. 'टक-टक' आवाज येत असेल तर गिअरचे दाते झिजले असण्याची शक्यता आहे.

• एकाच दिशेने चालतो: केबलच्या प्रकारात मोटर शाबूत असते, बिघाड बहुतेकदा बटणाच्या संपर्कात असतो. हवेच्या प्रकारात भरते पण सुटत नाही, असं असेल तर व्हॉल्व्ह बघावा लागतो.

आता आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. सीट पुढे-मागे सरकवण्याची बटणं चालतात का? सीटचं सगळंच बंद असेल तर बिघाड सामाईक फ्यूजमध्ये किंवा मुख्य जोडणीत असण्याची शक्यता जास्त. बाकी सगळं चालतं आणि फक्त कमरेचा आधार बंद आहे, असं असेल तर शोध त्या भागापुरताच ठेवायचा. मसाजची सोय असेल तर तीही चालवून बघा. मसाज चालतो पण आधार चालत नाही, म्हणजे सामाईक पंप बिघडलेला नाही.

घरच्या घरी काय तपासता येतं?

१. बॅटरी: गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट असतो आणि इंजिन सुरू असताना तो साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत जातो. बॅटरी कमजोर झाली की काही गाड्या सीटसारख्या आरामाच्या सोयी आपोआप बंद करतात. त्यामुळे तपासणी इंजिन सुरू ठेवूनच करा. मात्र गाडी मोकळ्या जागेत असू द्या, बंद शेडमध्ये नको.

२. फ्यूज: गाडीच्या पुस्तिकेत फ्यूजचा नकाशा असतो. त्यात सीटचा फ्यूज शोधा. गाडी पूर्ण बंद करून तो चिमट्याने काढा आणि आतली तार तुटली आहे का बघा. फ्यूजच्या रंगावरून त्याची क्षमता कळते: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. नवा फ्यूज तेवढ्याच क्षमतेचा हवा. '१५चा उडतोय, ३०चा टाकून बघू' हा प्रयोग करू नका. फ्यूज वायरचं रक्षण करतो. मोठा फ्यूज टाकला तर फ्यूजऐवजी वायर तापते आणि आग लागू शकते. नवा फ्यूज लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. पुन्हा फ्यूज न बदलता गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्या.

३. सीटखाली नजर: टॉर्च घेऊन फक्त बघा, ओढू नका. पाण्याची बाटली, नाणं, मुलांचं खेळणं, चार्जरची वायर सीटच्या रुळात अडकली आहे का? वायर ताणली गेली आहे, कुरतडली आहे किंवा कपलरवर हिरवट-पांढरा थर आला आहे का? मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मेकॅनिकला दाखवायला उपयोग होतो.

४. बटण: चहा किंवा पाणी सांडलेलं, धूळ साचलेली बटणं अडकतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. बटणात तेल किंवा भलताच स्प्रे मारू नका.

घरची तपासणी इथे संपते.

पिवळा कपलर दिसला की थांबा

अनेक गाड्यांमध्ये साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला, दरवाजाच्या बाजूला बसवलेली असते. तिची वायर सीटखालून जाते. एअरबॅगची वायर किंवा कपलर सहसा पिवळ्या रंगाचा असतो. सीटच्या पाठीवर एअरबॅग असं लिहिलेलं लेबल शिवलेलं असेल, तर शंकेला जागाच नाही.

एअरबॅग उघडण्यासाठी स्फोटक ठिणगी लागते आणि ती ठिणगी पाडायला अगदी थोडी वीज पुरते. गॅरेजमध्ये करंट बघण्यासाठी सर्रास वापरला जाणारा टेस्ट लॅम्प चुकून या वायरीला लावला, तर एअरबॅग जागेवरच फुटू शकते. मल्टीमीटरने या वायरीचा रोध मोजणंही टाळायचं असतं. सीटवर वाकून काम करणाऱ्याच्या चेहऱ्यापासून ती एखाद्या फुटावर असते.

म्हणून सीट सोडवायची असेल किंवा सीटखालचा कुठलाही कपलर काढायचा असेल, तर इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी लागते. त्यानंतर गाडीच्या कंपनीने सांगितलेला वेळ थांबावं लागतं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. हा वेळ प्रत्येक गाडीत वेगळा असतो. कपलर काढलेला असताना इग्निशन सुरू केलं, तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बहुतेकदा तो स्कॅनर लावूनच घालवावा लागतो.

हा दिवा जळत असताना 'गाडी तर चालतेय' म्हणून दुर्लक्ष करू नये. दिवा जळतोय, म्हणजे अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. कमरेचा आधार दुरुस्त झाला आणि एअरबॅग निकामी झाली, तर तो सौदा फार महागात पडतो.

शेजारच्या सीटमध्ये कुणी बसलं आहे का, हे ओळखणारा सेन्सरही असतो. ड्रायव्हरच्या बाजूला बेल्टच्या बकलची वायर असते. सीट काढून पुन्हा बसवताना तिचे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळावे लागतात. त्यामुळे सीट काढणं हे काम घराच्या अंगणात करण्यासारखं नाही.

गॅरेजमध्ये कोणत्या क्रमाने तपासणी व्हायला हवी?

चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आधी वायरिंगचा नकाशा बघतो आणि लंबरचा कपलर नेमका कोणता, हे ठरवतो. मग बटण दाबून त्या कपलरवर वीज येते का, ते मोजतो. वीज येते आणि मोटर किंवा पंप फिरत नाही, तर दोष त्या मोटर किंवा पंपात. वीजच येत नाही, तर दोष त्याच्या आधी, म्हणजे बटणात किंवा वायरमध्ये.

नव्या गाड्यांमध्ये बटण थेट मोटर चालवत नाही. ते सीटच्या कंट्रोल मॉड्यूलला फक्त आदेश देतं. अशा गाडीत आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचावा लागतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. 'पंपाच्या सर्किटमध्ये दोष' असा कोड आला, तरी तो दोष गंजलेल्या पिनचा असू शकतो. म्हणून कोड वाचल्यावरही वायर तपासणं गरजेचं असतं.

हवेच्या प्रकारात पंपापासून पिशवीपर्यंत प्रत्येक जोड तपासला जातो. नळी नुसती निसटली असेल तर ती परत बसवून काम होतं. अशा वेळी सीटच्या पाठीचा संच बदलण्याची गरज नसते.

आपल्या भागात हा बिघाड का होतो?

पहिलं कारण ऊन. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या आत तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं. वर्षानुवर्षं असं तापल्यावर रबर आणि प्लॅस्टिकच्या नळ्या कडक होतात आणि जोडापाशी चिरतात.

दुसरं कारण उंदीर. शेताजवळ, गोठ्याजवळ किंवा धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहत असेल, तर उंदीर वायरी आणि नळ्या कुरतडतात. गाडी काही दिवस जागेवरून हलली नाही की धोका वाढतो.

तिसरं कारण पाणी. पावसाळ्यात ओल्या चपलांनी आलेलं किंवा गाडी आतून धुताना गालिच्यात मुरलेलं पाणी सीटखालच्या कपलरपर्यंत पोहोचतं आणि पिना गंजतात.

चौथ्या कारणाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ते म्हणजे बाजारातून बसवलेलं सीट कव्हर. कव्हर घट्ट बसवताना त्याचे हूक आणि दोऱ्या सीटखाली वायरींना अडकवल्या जातात. सीट मागे-पुढे झाली की वायर ताणली जाते. टोकदार पिन वापरली असेल तर हवेच्या पिशवीला भोकही पडू शकतं. शिवाय साइड एअरबॅगची जागा झाकणारं कव्हर एअरबॅगच्या वाटेत येतं. कव्हर घ्यायचंच असेल, तर ते साइड एअरबॅगच्या सीटसाठी बनवलेलं आहे का, हे विचारून घ्या.

पैसे देण्याआधी हे विचारा

• नेमका कोणता पार्ट बिघडला आणि ते कशावरून ठरवलं?
• तो पार्ट सुटा मिळतो का, की पूर्ण संचच घ्यावा लागतो?
• संच बदलण्याआधी फ्यूज, कपलर, नळी आणि बटण तपासलं का?
• मजुरी आणि पार्ट यांचा वेगवेगळा अंदाज लेखी मिळेल का?
• काढलेला जुना पार्ट परत मिळेल का?
• काम झाल्यावर एअरबॅगचा दिवा बंद असल्याचं दाखवाल का?

गाडी वॉरंटीत किंवा वाढीव वॉरंटीत असेल, तर बाहेर सीट उघडण्याआधी त्याच्या अटी वाचा. नेहमीच्या वाहन विम्यात झीज आणि विद्युत बिघाड यांचा खर्च मिळत नाही. उंदरांनी वायर कुरतडली असेल, तर विमा कंपनीला विचारून बघा, कारण पॉलिसीनुसार उत्तर बदलतं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. सेवेबाबत तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो.

दुरुस्ती होईपर्यंत काय करायचं?

उपाय घरातच आहे. सोलापूरचा टेरी टॉवेल भौगोलिक मानांकन मिळालेला आहे आणि इथल्या प्रत्येक घरात तो असतोच. त्याची घट्ट गुंडाळी करून, पट्ट्याच्या थोडी वर, कमरेच्या पोकळीत ठेवा. गुंडाळी फार जाड नको. पाठ पुढे ढकलली जात असेल तर थोडी सैल करा. ती खाली घसरून ब्रेकच्या पायाशी जाणार नाही, अशी नीट बसवा. दोरीने सीटच्या बाजूने बांधू नका, कारण एअरबॅगची जागा तीच आहे.

सीटची पाठ थोडीच मागे कलवा, स्टिअरिंगपर्यंत हात सहज पोहोचू द्या आणि लांबच्या प्रवासात मध्ये उतरून चार पावलं चाला. आधार दुरुस्त झाल्यावरही तो आधी पूर्ण कमी करा आणि मग पोकळी भरेल एवढाच वाढवा. जास्त फुगवला म्हणजे जास्त आराम, असं नसतं.

कंबरदुखीसोबत पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवत असेल, तर प्रश्न सीटचा समजून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी किंवा शौचावरचं नियंत्रण सुटलं, तर तातडीने दवाखाना गाठा.

थोडक्यात, बटण दाबून आवाज ऐका, बॅटरी आणि फ्यूज बघा, सीटखाली नजर टाका. एवढ्याने भागलं नाही, तर एअरबॅगची माहिती असलेला इलेक्ट्रिशियन गाठा. आणि एखाद्या नळीमुळे किंवा कपलरमुळे अडलेल्या कामासाठी कुणी अख्खी सीट बदलायला सांगत असेल, तर होकार देण्याआधी वर दिलेले प्रश्न विचारा.